कोल्ट्रेनचा सॅक्स गिटारवर: धाडस की आगाऊपणा?

तारसप्तक (धागाकर्ता)

इथे फ्री जॅझ (ठरलेली चौकट सोडून मोकळं वाजवलेलं जॅझ) ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके असणार हे ठाऊक असूनही धागा काढतोय.

२२ फेब्रुवारी १९६७ ला न्यू जर्सीत रुडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत सॅक्सवादक जॉन कोल्ट्रेन आणि ड्रमर रशीद अली असे दोघेच जमले आणि 'इंटरस्टेलर स्पेस' वाजवून मोकळे झाले. पियानो नाही, बास नाही. जुलैत कोल्ट्रेन गेला. रेकॉर्ड बाजारात यायला १९७४ उजाडलं. मार्स, व्हीनस, ज्युपिटर, सॅटर्न असे चार तुकडे. मधूनमधून घंट्या किणकिणतात आणि बाकी सगळा वेळ टेनर सॅक्स आणि ड्रम्स एकमेकांच्या अंगावर धावून जातात.

१९९९ मध्ये गिटारिस्ट नेल्स क्लाइन आणि ड्रमर ग्रेग बेंडियन यांनी हीच रेकॉर्ड गिटार आणि ड्रम्सवर वाजवली, 'इंटरस्टेलर स्पेस रीव्हिजिटेड' नावाने. (क्लाइन म्हणजे २००४ पासून विल्को बँडमध्ये असलेला तोच.) मी हौशी गिटारवाला, त्यामुळे पक्षपाती आहे. मला हे काम अफाट आवडतं. पण आमच्या कट्ट्यावर यावरून दोन तट पडले. विरोधकांचं म्हणणं असं, की जे त्या दिवशी त्या दोघांना सुचलं म्हणूनच मोलाचं आहे, ते बत्तीस वर्षांनी दुसऱ्यांनी 'पुन्हा' कसं वाजवायचं? आणि श्वासावर चालणारं वाद्य तारेवर आणून हाती काय लागतं?

तुमची मतं सांगा. अल्बर्ट आयलर, ऑर्नेट कोलमन या सॅक्सवाल्यांच्या गिटार अवतारांबद्दलही बोला.

मिसळ_बिनपावाची

'मार्स' लावलं. तिसऱ्या मिनिटाला सासूबाईंनी देवघरातून हाक मारली, "कुणाला लागलंय का गं?"

उनाड_मात्रा

हहपुवा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खमाज_थाट

जॅझमधलं मला फार कळत नाही, पण प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. तंतुवाद्यांत गायकी अंग आणि तंतकारी अंग हा वाद किती रंगला! विलायत खाँसाहेबांनी सतारीची तार खेचून गळ्याची मींड काढली. दुसऱ्या बाजूला सतारीने गळ्याची नक्कल कशाला करावी, तिला दिडदा-दिडदाचा स्वतःचा बोल आहे की, असं मानणारेही मोठेच लोक. छेडलेली तार लगेच विझायला लागते, ही तिची प्रकृती. तिच्याशी भांडायचं की तिच्यातूनच काही काढायचं, एवढाच मुद्दा.

म्हणून धागाकर्त्याला उलट विचारतो: हे क्लाइनसाहेब कुठल्या अंगाने वाजवतात?

तारसप्तक

@खमाज_थाट, प्रश्न आवडला. दोन्ही अंगांनी, पण जिथे जमलंय तिथे तंतकारीच. 'मार्स'मध्ये कोल्ट्रेनच्या वेगाला तो नोटेला नोट भिडवत बसत नाही. जाड डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम) लावून स्वरांचा एकच लोट करतो आणि त्यातून मधेच मूळ धून वर काढतो. 'व्हीनस'मध्ये मात्र गायकी अंगाने जाऊ पाहतो, आणि तिथे मला कोल्ट्रेनचीच आठवण जास्त येते.

पेडलबोर्ड

थोडं तांत्रिक. सॅक्सवाला सूर लावल्यावर तो वाढवू शकतो, फुगवू शकतो, मधेच चिरू शकतो, कारण फुंकर चालूच असते. गिटारवाल्याचं काम पिक तारेवरून सुटली त्या क्षणी निम्मं संपलेलं असतं. पुढे फक्त उतार. त्यावर उपाय म्हणजे कंप्रेसर (विझता सूर उचलून धरणारं यंत्र), डिस्टॉर्शन किंवा अँपसमोर उभं राहून फीडबॅक. फीडबॅकमध्ये स्पीकरचा आवाजच तारेला हलवत ठेवतो, म्हणून सूर वाटेल तेवढा टिकतो. गिटारला फुप्फुस मिळतं म्हणा.

आता गंमत. सॅक्समधली ती गुरगुर कशी निघते? वाजवणारा फुंकताना घशातून वेगळा सूर गुणगुणतो. रीडची (सॅक्सच्या तोंडाशी असलेल्या पट्टीची) आणि गळ्याची कंपनं एकमेकांत मिसळतात आणि दोन्हींच्या बेरीज-वजाबाकीचे तिसरे-चौथे सूर तयार होतात. फझ पेडल (डिस्टॉर्शनचाच एक प्रकार) लावून गिटारवर दोन तारा एकत्र छेडा, तिथेही हेच घडतं. म्हणून फझमधून पाचवा स्वर जोडीला घेतला तर भारदस्त लागतो आणि शेजारचा अर्धस्वर घेतला तर आवाज फाटतो. कोल्ट्रेनची किंकाळी आणि गिटारचा फाटका आवाज यांचं नातं वरवरचं नाही, दोन्हीकडे भौतिकशास्त्र तेच आहे.

उनाड_मात्रा

बारावीला हे असं शिकवलं असतं तर आज मी बँकेत नसतो.

दादरचा_श्रोता

बाळांनो, सगळं वाचलं. १९७८ च्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात मुंबईत रंगभवनात सॉनी रॉलिन्सला ऐकलेला माणूस आहे मी. (रॉलिन्स फ्री जॅझवाला नव्हे, हे सांगायला कुणी धावू नये.) त्या उघड्या मैदानात त्याचा टेनर मागच्या रांगेपर्यंत यायचा तो माणसाच्या छातीतून आल्यासारखा. वारा वाहिला तर आवाज हलायचा. तुमच्या पेडलांतून तो कसा येणार?

माझा विरोध वेगळा आहे. 'इंटरस्टेलर स्पेस' ही रचना नाही, घटना आहे. दोन ओळींची धून घेऊन माणूस निघाला आणि परत आला. मधली वाट त्याची. ती वाट दुसऱ्याने चालायची म्हणजे पायांच्या ठशांवर पाय टाकत जाणं. तसं न करता स्वतःची वाट धरायची असेल, तर कोल्ट्रेनचं नाव कशाला हवं?

तारसप्तक

काका, नमस्कार. पण मग भीमपलासातली पारंपरिक बंदिश आज गाणाऱ्यानेही गाऊ नये. बंदिश तीच, विस्तार ज्याचा त्याचा. 'सॅटर्न'ची धून ही बंदिश आहे असं मानलं तर?

दादरचा_श्रोता

बंदिश पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेली असते. ही धून कोल्ट्रेनने एका दुपारपुरती केली होती. दोन्हींना एकाच मापाने मोजू नका.

जर्सीकर

मी एंगलवुड क्लिफ्सपासून फार लांब राहत नाही. व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ बाहेरून साधी इमारत वाटते, आत मात्र लाकडी छत देवळासारखं उंच चढत गेलेलं आहे. कोल्ट्रेनचं 'अ लव्ह सुप्रीम' तिथलंच, १९६४ च्या डिसेंबरातलं. 'असेंशन'ही तिथलंच, २८ जून १९६५.

रशीद अलीने मुलाखतींत सांगितलेली गोष्ट अशी, की स्टुडिओत पोचल्यावरच त्याला कळलं, आज आपण दोघेच आहोत. तो बाकीच्यांची वाट बघत होता. काकांचा 'घटना' हा मुद्दा मला म्हणूनच पटतो. क्लाइन आणि बेंडियनला पहिल्या सेकंदापासून माहीत होतं की दोघेच आहोत आणि काय वाजवायचंय. अलीची ती दचक त्यांना कुठून मिळणार?

अवांतर: 'असेंशन' अकरा वादकांची. सॅन फ्रान्सिस्कोच्या रोव्हा सॅक्सोफोन क्वार्टेटने ती १९९५ मध्ये वाजवली आणि २००३ मध्ये 'इलेक्ट्रिक असेंशन' म्हणून पुन्हा उभी केली. त्यात क्लाइन गिटारवर, फ्रेड फ्रिथ बासवर, शिवाय व्हायोलिन, टर्नटेबल, इलेक्ट्रॉनिक्स. तिथे सॅक्स काढून टाकलेले नाहीत, त्यांच्या भोवती वीज सोडली आहे. मला ती क्लाइनच्या जोडरेकॉर्डपेक्षा सरस वाटते.

बारा_तारा

या सगळ्याची सुरुवात १९९९ ला झाली नाही हो. १९६६ चं रॉक बँड बर्ड्‌सचं 'एट माइल्स हाय' ऐका. त्यातला रॉजर मॅग्विनचा बारा तारांचा गिटार सोलो सरळ कोल्ट्रेनच्या 'इंडिया'वरून निघालाय. बँड दौऱ्यावर असताना बसमध्ये कोल्ट्रेन आणि रविशंकर यांची टेप लागायची. मॅग्विन कंप्रेसर वापरायचा तोच मुळी सूर सॅक्ससारखा टिकावा म्हणून. पेडलबोर्डने सांगितलेला उपाय तेव्हाच सापडला होता.

'इंडिया' १९६१ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात मुद्रित झालं. दोन बास आहेत, तानपुऱ्याचा पट्टा धरल्यासारखे. १९६५ ला जन्मलेल्या मुलाचं नाव कोल्ट्रेनने रवी ठेवलं ते रविशंकरांवरून. म्हणजे वर खमाज_थाट यांनी सतार आणली ती उगाच नाही, ती गोष्टीत आधीपासूनच होती.

मिसळ_बिनपावाची

सासूबाईंना 'इंडिया' लावून दाखवलं. "हे बरंय, पण सनईवाला घाईत आहे" असा अभिप्राय आला आहे.

खमाज_थाट

दंडवत कळवा त्यांना. सोप्रानो सॅक्सला याहून नेमका शेरा मी वाचलेला नाही.

अँप_गरम_आहे

काकांशी असहमत. ज्या सॅक्सवाल्यांची आपण गिटारपासून राखण करतोय, ते स्वतःच गिटारकडे गेले होते! फॅरो सँडर्सने १९६६ मध्ये 'तौहीद' मुद्रित केलं तेव्हा सॉनी शॅरॉकला घेतलं. आयलरने १९६९ मध्ये कॅन्ड हीट बँडचा गिटारवाला हेन्री व्हेस्टीन बोलावला. ऑर्नेट कोलमनने तर 'डान्सिंग इन युअर हेड'मध्ये बर्न निक्स आणि चार्ली एलर्बी असे दोन दोन गिटारवाले बसवले आणि आपलीच जुनी धून त्यांच्याकडून वाजवून घेतली. मूळ मालकांनी दार उघडं ठेवलंय आणि आपण बाहेर पहारा देतोय.

शॅरॉकचं तर आयुष्यच या धाग्याचा विषय आहे. त्याला सॅक्सच वाजवायचा होता. दम्यामुळे जमला नाही, म्हणून गिटार. आपण चुकीचं वाद्य हातात आलेले सॅक्सवाले आहोत असंच तो धरून चालायचा. तारेवर स्लाइड इतक्या जोरात घासायचा की स्वर ऐकू येण्याआधी घासणंच ऐकू यायचं. १९९१ चं 'आस्क द एजेस' ऐका. सँडर्स शेजारी, मागे कोल्ट्रेनचा जुना ड्रमर एल्व्हिन जोन्स. त्यात कोल्ट्रेनची एकही रचना नाही, तरी कोल्ट्रेनचा सगळ्यात खरा गिटार अवतार मी त्यालाच म्हणेन. तीनच वर्षांनी शॅरॉक गेला.

लेगाटो_लंबोदर

+१. ॲलन होल्ड्सवर्थचंही नाव घ्या. त्यालाही फुंकवाद्यच हवं होतं. पिकचा प्रत्येक टोला म्हणजे प्रत्येक स्वराआधी एक व्यंजन. सॅक्समध्ये एका फुंकरीत दहा स्वर घसरत येतात. म्हणून त्याने उजवा हात जवळजवळ निवृत्त केला आणि डाव्या हाताच्या बोटांनीच स्वर दाबून-सोडून ओळी काढल्या.

उनाड_मात्रा

सँटाना आणि मॅक्लॉक्लिनचं १९७३ चं 'लव्ह डिव्होशन सरेंडर' कुणीच काढलं नाही? 'अ लव्ह सुप्रीम' आहे त्यात, दोन गिटारांवर.

अँप_गरम_आहे

मुद्दाम काढलं नाही. श्री चिन्मय या गुरूंचे दोन शिष्य वेगाची शर्यत लावून भक्ती करतात. 'नाइमा' तेवढं ऐकावं, तिथे दोघांनी अकूस्टिक गिटार घेतल्या आहेत.

बारा_तारा

इतकंही वाईट नाही हो. कित्येकांना कोल्ट्रेन हे नाव त्या रेकॉर्डमुळे कळलं. फ्री जॅझ मात्र ती नव्हे.

दादरचा_श्रोता

अँप_गरम_आहे यांचा दाराचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो गिटारबद्दल आहे. गिटारला माझी ना नाहीच. माझी ना पुन्हा वाजवण्याला आहे. शॅरॉकने कोल्ट्रेनची धून न घेता त्याचं बळ घेतलं, हे तुम्हीच लिहिलंत. माझ्या बाजूने लिहिलंत, आभारी आहे.

अँप_गरम_आहे

काकांनी माझ्याच बॉलवर सिक्सर मारला.

पणजीचो_रीड

गोंयच्यान नमस्कार. मी सॅक्स वाजवतो, चर्चमध्ये आणि लग्नांत. आमच्या ब्राझ गोन्सालव्हिसनी राग आणि जॅझ एकत्र आणले ते सॅक्सवरच, त्यामुळे गिटारवाल्यांचं हे कौतुक बघून थोडं हसू येतं.

एक गोष्ट तुम्ही कुणी बोलला नाहीत. आम्हाला श्वास संपतो. वाक्य कुठे तोडायचं ते फुप्फुस ठरवतं. कोल्ट्रेनची ओळ कितीही लांब असली तरी तिला शेवट आहे, कारण माणसाला श्वास घ्यायचाच आहे. गिटारवाल्याला ती सक्ती नाही, म्हणून तो थांबतच नाही. तुमची ती क्लाइनची रेकॉर्ड ऐकली. बोटं भारी आहेत. पण ऐकताना मलाच धाप लागली.

आयलरच्या बाबतीत हा त्रास होत नाही. आयलर सैन्याच्या बँडात वाजवून आलेला माणूस. 'घोस्ट्स'ची धून तर बारशालाही वाजवता येईल इतकी सोपी. मग तो तिला इतका कंप देतो की ती रडते की हसते कळत नाही. असली धून कुठल्याही वाद्यावर तगते.

खाली_रान

आयलर निघालाच आहे तर गिटारिस्ट मार्क रिबोबद्दल लिहितो, कारण माझ्या मते या धाग्याचं उत्तर त्याच्याकडे आहे.

आयलरचं 'स्पिरिच्युअल युनिटी' १० जुलै १९६४ चं, गॅरी पीकॉक आणि सनी मरे यांच्यासोबत. रिबोने २००५ मध्ये त्याच नावाची रेकॉर्ड काढली. ट्रम्पेटवर रॉय कॅम्पबेल, ड्रम्सवर चॅड टेलर आणि बासवर हेन्री ग्राइम्स. हा ग्राइम्स साठच्या दशकात खुद्द आयलरसोबत वाजवलेला. त्या दशकाच्या अखेरीस तो जॅझमधून असा नाहीसा झाला की लोकांनी तो मेला असं धरलं. लॉस एंजेलिसमध्ये मिळेल ते काम करत होता, जवळ वाद्यही नव्हतं. २००२ मध्ये एका समाजसेवकाने त्याला शोधून काढलं. आयलर १९७० मध्येच गेला हे त्याला तोवर माहीत नव्हतं! विल्यम पार्कर या बासवादकाने त्याला एक बास पाठवला आणि माणूस पुन्हा वाजवायला लागला.

रिबोचा गिटार या सगळ्यात कोरडा, काटकुळा, जवळजवळ बेसूर वाटावा असा आहे. आयलरचा कंप तो बोटाने तार हलवून आणत नाही, उलट सूर सरळ ठेवतो आणि त्याला कडेने फाटू देतो. भजनी मंडळातला जुना माणूस जसा सुराला धरून नसतो पण भजनाला धरून असतो, तसं काहीसं.

२०१२ मध्ये रिबो, ग्राइम्स आणि टेलर व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये वाजले. रेकॉर्ड २०१४ ला आली. त्यात आयलरचं 'बेल्स' आणि 'द विझर्ड', कोल्ट्रेनचं 'सन शिप' आणि 'डिअरली बिलव्हड' आहे. ग्राइम्स त्या मंचावर याआधी उभा होता तो १९६६ मध्ये, आयलरसोबत. आता काका, सांगा, याला पायांच्या ठशांवर पाय टाकणं म्हणायचं का? इथे ठसे ज्याचे, त्यांतला एक जण बास घेऊन शेजारीच उभा आहे.

आणखी एक. हे संगीत साठच्या दशकातल्या काळ्या अमेरिकनांचं, त्यांच्या चर्चचं, त्यांच्या रागाचं. क्लाइन, रिबो गोरे. निव्वळ स्वर उचलले तर ते खटकायलाच हवं. रिबोने ग्राइम्सला सोबत घेतलं, पुढे उभं केलं, यात मला संगीताइतकीच नीतीही दिसते.

मिसळ_बिनपावाची

हा प्रतिसाद सासूबाईंना न दाखवता स्वतःसाठी ठेवते.

ठेका_चुकला

तबलावाला आहे. वीसेक प्रतिसाद झाले आणि सगळे गिटार, गिटार, गिटार. अहो, 'इंटरस्टेलर स्पेस' अर्धी रशीद अलीची आहे! तो सम देत नाही. मात्रा मोजायला गेलात तर हाती काही लागत नाही, पण लाट उठते आणि बसते हे पक्कं कळतं. 'व्हीनस'मध्ये तो ब्रश घेतो आणि अख्खी खोली बदलते. बेंडियनचं काम क्लाइनपेक्षा अवघड होतं असं माझं मत. क्लाइनजवळ निदान वेगळं वाद्य होतं. बेंडियन ड्रम्सवर ड्रम्सच वाजवत होता, त्याला लपायला जागा नाही.

दुसरं. कोल्ट्रेन या रेकॉर्डवर मंद्रातून एकदम तारात उडी मारतो, लगेच खाली येतो, परत वर. दोन माणसं भांडताहेत असं वाटतं. बास नाही, म्हणून खालची बाजूही तोच सांभाळतोय. एका वेळी एकच सूर निघणारं वाद्य, त्यामुळे धावपळ. गिटारला ही धावपळ करायची गरजच नाही, खालची तार वाजत ठेवून वर काहीही करता येतं. आणि गरज संपली की ताणही संपतो. माझ्या कानाला क्लाइन जिथे एकाच तारेवर अडकून राहतो तिथे चांगला वाटतो, आणि जिथे सहाही तारा उघडतो तिथे नुसता मोठा वाटतो.

तारसप्तक

@ठेका_चुकला, हे मी उद्याच करून बघणार: 'ज्युपिटर'ची धून फक्त चौथ्या तारेवर.

लेगाटो_लंबोदर

ऑर्नेटचं राहूनच जातंय. पॅट मेथिनीने १९७६ च्या पहिल्याच रेकॉर्डमध्ये त्याच्या धुना घेतल्या आणि १९८६ ला 'साँग एक्स' खुद्द ऑर्नेटसोबत केलं. गोड गिटारवाला म्हणून त्याला नाकं मुरडणाऱ्यांनी ते जरूर ऐकावं. गिटार सिंथ (गिटारने चालणारा सिंथेसायझर) इतका फुंकवाद्यासारखा वाजतो की कोण कुठला ते मधेमधे कळत नाही. एकट्याने वाजवलेलं हवं असेल तर मेरी हॅल्व्हरसनचं २०१५ चं 'मेल्टफ्रेम'. त्यात ऑर्नेटचं 'सॅडनेस' आहे, रॉस्को मिचेलचं 'लिओला'ही. ती सूर लावते आणि पेडलने तो वाकवते, भिजलेल्या आवाजासारखा.

पणजीचो_रीड

'मेल्टफ्रेम' ऐकलं. ही बाई श्वास घेते. गिटारवाल्यांनी हिच्याकडे शिकवणी लावावी.

दादरचा_श्रोता

खाली_रान यांच्या सांगण्यावरून व्हॅनगार्डची रेकॉर्ड दोनदा ऐकली. ग्राइम्सबद्दल वाचून ऐकल्यामुळे मन आधीच मऊ झालं होतं, म्हणून दुसऱ्यांदा मुद्दाम फक्त गिटारकडे लक्ष दिलं. 'बेल्स'ला सुरुवातीला रिबो बराच वेळ काहीच सिद्ध करायला जात नाही, हे फार आवडलं. 'सन शिप'ला मात्र माझं मत जुनंच. तिथे कोल्ट्रेनचा वेग हवा होता आणि तो गिटारवर येत नाही.

क्लाइनची रेकॉर्ड पुन्हा ऐकणार नाही. शॅरॉकची मागवतोय. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान अजून असतं तर दुपारीच चालत गेलो असतो. 'आस्क द एजेस'मध्ये आधी कुठला तुकडा ऐकू?

अँप_गरम_आहे

काका, 'हू डझ शी होप टू बी?' पासून सुरू करा. संथ आहे, रात्रीचा लावा. 'मेनी मॅन्शन्स' दुसऱ्या दिवशी सकाळी, आवाज मोठा ठेवून.